आंधळीची नजर : ‘जगाच्या पाठीवर’मधल्या गाण्यांचं रसग्रहण

आंधळी नायिका रम्यकथा लिहिणाऱ्यांच्या फार सोयीची असते. तिला रूप देता येतं, सोशिकपणा देता येतो, आणि शेवटच्या प्रकरणात वैद्य बोलावून दृष्टीही देता येते. हेन्रिक हर्ट्झ या डॅनिश नाटककारानं १८४५ साली ‘राजा रेनेची मुलगी’ हे नाटक लिहिलं. ते घडतं पंधराव्या शतकातल्या प्रोव्हान्समध्ये. त्यातली राजकन्या योलांथा आंधळी आहे, पण बापाच्या हुकमामुळे ही गोष्ट तिला कुणी सांगितलेलीच नाही. चायकोव्हस्कीनं १८९२ साली याच कथेवर ऑपेरा रचला. त्यात वाट चुकून बागेत आलेला एक सरदार तिच्याकडे आठवण म्हणून तांबडा गुलाब मागतो. ती पांढरा काढून देते. तो पुन्हा मागतो, ती पुन्हा पांढराच देते. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात येतं. गोष्ट संपते तेव्हा राजकन्येला दृष्टी आणि नवरा दोन्ही मिळालेलं असतं.

बुल्वर लिटनच्या ‘पाँपेचे अखेरचे दिवस’ (१८३४) या कादंबरीतली निडिया फुलं विकणारी आंधळी दासी आहे. ज्वालामुखीच्या राखेनं शहरावर काळोख पसरतो, तेव्हा डोळस माणसं चाचपडू लागतात आणि काळोखाला सरावलेली निडिया त्यांना समुद्रापर्यंत घेऊन जाते. एवढं करून शेवटी ती समुद्रात जीव देते, कारण ज्याच्यावर तिचं प्रेम आहे तो दुसरीचा आहे. बंकिमचंद्रांना त्यांची ‘रजनी’ (१८७७) या निडियावरूनच सुचली. तीही फुलंच विकते, आणि तिलाही शेवटी दृष्टी लाभते. पुढे १९३१ साली चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’मध्ये हीच फुलवाली कोपऱ्यावर उभी राहिली.

या चौघींकडे आपण पाहतो. त्या कुणाकडे आणि कशा पाहतात, हा प्रश्न लेखकांना फारसा पडत नाही. त्यांचं आंधळेपण म्हणजे कथानकातली एक अडचण, आणि बहुतेकदा ती दूर झाली की गोष्ट आटोपते. मराठीत मात्र ही नायिका आली तेव्हा तिला एक गाणं मिळालं, आणि त्या गाण्यात तिनं दृष्टी मागितली नाही. आपल्याला दिसतंय, असं ती ठामपणे सांगून मोकळी झाली. ते गाणं म्हणजे ‘तुला पाहते रे’. चित्रपट ‘जगाच्या पाठीवर’, साल १९६०. आंधळ्या मुलीची भूमिका सीमा यांची, पुढे सीमा देव म्हणून त्या घरोघर माहीत झाल्या. त्यांचं वय तेव्हा अठराच्या आतबाहेर असेल.

भटका, भाबडा नायक आणि आंधळी मुलगी या जोडीवर चॅप्लिनची छाया उघड दिसते. ती कुणी लपवलेलीही नाही. पण गाण्यांचं कूळ फार जुनं आहे, आणि ते इथलं आहे. ही गाणी एकेकटी ऐकली तर सुंदर वाटतात. एका रांगेत वाचली की कळतं, कवीनं चित्रपटभर एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनी विचारलाय : कुणाला दिसतं, आणि कुणाला दिसत नाही?

ही गाणी रचणारे ग. दि. माडगूळकर १९१९ साली आटपाडी तालुक्यातल्या शेटफळे गावी जन्मले. त्यांचं माडगूळ गावही त्याच तालुक्यातलं. आटपाडीचा हा दुष्काळी माणदेश तेव्हा औंध संस्थानात होता. संस्थान विलीन झाल्यावर तो १९४९ साली नव्यानं केलेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला, आणि ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच १९६० साली त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. गदिमांना सातारचं म्हणावं की सांगलीचं, या वादात म्हणूनच राम नाही. त्यांचं शिक्षण औंध आणि कुंडलला झालं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि स्वतः कीर्तनकार. राजाच कीर्तनाला उभा राहतो अशा गावात वाढलेल्या मुलाच्या कानात पदं, श्लोक, आख्यानं कोणत्या वयापासून साठत गेली असतील, हे वेगळं सांगायला नको.

दिग्दर्शक आणि नायक राजा परांजपे जन्मानं मिरजेचे. या गाण्यांतला स्त्रीचा आवाज आशा भोसले यांचा, त्यांचा जन्म १९३३ साली सांगलीचा. संगीतकार सुधीर फडके शेजारच्या कोल्हापूरचे, आणि गदिमांच्याच वयाचे. ‘गीतरामायण’ १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून घराघरांत पोचलं होतं, त्यामुळे कवी आणि संगीतकार एकमेकांना पुरते ओळखून होते. कृष्णा-वारणेच्या काठांनी आणि माणदेशानं दिलेली ही मंडळी एका आंधळ्या मुलीच्या गोष्टीसाठी एकत्र आली.

आता गाण्यांकडे वळू.

‘उद्धवा, अजब तुझे सरकार’ या गाण्यामागे सूरदासांच्या नावावर असलेलं एक प्रसिद्ध पद उभं आहे. त्यात गोपी उद्धवाला कर्माची उलटी गत सांगतात : नद्या गोड आणि सागर खारट, बगळ्याला शुभ्र पंख आणि कोकिळा काळी, हरणाला सुरेख डोळे पण त्याच्या नशिबी रानोमाळ भटकणं, मूर्ख राज्य करतात आणि पंडित भीक मागत हिंडतात. गदिमांनी हा सांगाडा घेतला आणि त्यावर मराठी मांस चढवलं. गोपींची तक्रार नशिबाबद्दल होती. गदिमांनी ती सरकारबद्दल केली. राजा, प्रजा, दरबार हे शब्द आले आणि पद चावडीवर येऊन बसलं. दाखलेही बदलले. फुलं जन्मताच मरतात आणि दगड चिरंजीव होतात. बोरीबाभळी उगीच वाढत राहतात आणि कुऱ्हाड पडते ती चंदनावर. माणदेशातल्या माणसाला बोरीबाभळीचा दाखला पुस्तकातून शोधावा लागत नाही, दार उघडलं की समोर तेवढंच रान असतं. लबाडांच्या माड्या आणि गुणवंतांच्या झोपड्या असं म्हणताना कवी थेट आपल्या काळाबद्दल बोलतो, आणि शेवटच्या ओळीत चित्रपटाचं नाव हळूच गुंफून या पृथ्वीवर माणसाला आधार नाही असा निकाल देतो.

यात एक बदल सहज नजरेतून निसटतो. सूरदासांच्या पदात राजे मूर्ख आहेत. गदिमांच्या गाण्यात राजा लहरी आहे, आणि आंधळेपण आलंय ते प्रजेच्या वाट्याला. दोष एकट्या सिंहासनाचा राहिला नाही. लोकांना दिसत नाही म्हणून लहर चालते. ज्या चित्रपटाची नायिकाच आंधळी आहे त्यात हा शब्द अनवधानानं पडला असेल, असं मला वाटत नाही. गदिमांसारखा कारागीर शब्द असे सांडत नाही.

‘जग हे बंदिशाला’ आणि ‘एक धागा सुखाचा’ ही दोन्ही गाणी सुधीर फडके यांच्या आवाजात महाराष्ट्रानं पाठ केली. पहिल्यात जग हा तुरुंग आहे आणि प्रत्येकाला आपली कोठडी, आपली बेडी प्रिय झालीय. ही कल्पना जुनी आहे. गदिमांची चमक आहे तपशिलात. माणूस आपल्या जागी इतका जखडलेला आहे की त्याची नजर तटापलीकडे धावतच नाही, असं ते म्हणतात, आणि लगेच उंबराच्या फळातल्या किड्यांचा दाखला देतात. उंबर फोडलं की आतले बारीक किडे वळवळताना दिसतात. त्यांचं सगळं विश्व त्या फळाएवढं. ज्यानं लहानपणी उंबराखाली बसून फळं फोडली आहेत त्यालाच ही ओळ सुचते. इथंही विषय दिसण्याचाच. डोळे शाबूत आहेत, पण नजर भिंतीशी थांबते.

‘एक धागा सुखाचा’मध्ये आयुष्य हे विणलेलं वस्त्र होतं. कबीर जातीनं विणकर, आणि देह म्हणजे विणलेली चादर ही कल्पना त्यांच्या नावावरच्या पदांनी भारतभर पोचवली. गदिमा त्या वस्त्रात सुखाचे आणि दुःखाचे धागे मोजतात. शंभर दुःखाचे आणि एक सुखाचा, असा हिशेब मांडतात. माणूस उघडा येतो, उघडा जातो आणि मधल्या काळात वस्त्रासाठी तीन प्रवेशांचं नाटक करतो, असं सांगून शेवटी ते विणणाऱ्याकडे वळतात. कोणतीही दोन वस्त्रं सारखी नसतात, मग विणतो कोण? उत्तर देताना गदिमा पुन्हा दिसण्यावरच येतात : त्या विणकराचे हात तिन्ही लोकांत कुणाला दिसलेले नाहीत. म्हणजे इथं तर सगळीच माणसं आंधळी. कारागिरी अंगावर पांघरलेली आणि कारागीर अदृश्य.

एव्हाना लक्षात येईल की या चित्रपटात नायिकेचं आंधळेपण हा अपवाद राहिलेला नाही. प्रजा आंधळी, कैद्यांची नजर तोकडी, आणि विणकर तर कुणालाच न दिसणारा. तिच्या आजूबाजूचं सगळं जग कमीजास्त प्रमाणात न पाहणाऱ्यांचंच आहे.

या रांगेतलं सगळ्यात गडद गाणं म्हणजे ‘थकले रे नंदलाला’. यालाही आधार सूरदासांच्याच एका पदाचा आहे, आणि हे पद तर त्यांच्या विनयाच्या पदांमध्ये फार मानाचं. त्यात भक्त सांगतो की मी खूप नाचलो. काम-क्रोधाचा अंगरखा घातला, गळ्यात विषयांची माळ, पायांत महामोहाची घुंगरं, कमरेला मायेचा फेटा, कपाळी लोभाचा टिळा. मन झालं पखवाज, आणि तृष्णा आतून ताल देत राहिली. शेवटी तो नंदलालाला विनवतो की माझी ही सगळी अविद्या आता दूर कर.

गदिमांनी या रूपकाला हात लावताना तीन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे नाचणारा पुरुष होता, ती बाई झाली. एवढ्यानंच रूपकाचं वजन पालटतं. पुरुष भक्तानं स्वतःला नर्तकाच्या जागी कल्पणं ही एक नम्रता आहे. बाईनं नाचून थकले म्हणणं हे आपल्या समाजात थेट एका पेशाकडे बोट दाखवतं, आणि रूपकाला रक्तामांसाचा चेहरा येतो. निलाजरेपण कमरेला नेसलेलं आणि निसुगपणाचा शेला खांद्यावर, हे शब्द बाईच्या तोंडी आले की अंगावर काटा उभा राहतो. सूरदासांच्या लोभाच्या टिळ्याची जागा इथं आत्मस्तुतीच्या टिळ्यानं घेतली आहे, आणि तो तिनं स्वतःच स्वतःच्या भाळी लावलाय. स्वतःची स्तुती दुसऱ्याच्या हातानं होत नाही, हे कवीला नेमकं माहीत आहे.

दुसरा बदल नाण्यांचा. सूरदासांचा भक्त नाचतो, पण तिथं पैसे फेकणारं कुणी नाही. गदिमांच्या गाण्यात येणारा-जाणारा तिच्यावर लोभाची आणि प्रलोभनाची नाणी फेकतो. ही ओळ ब्रजातून आलेली नाही. ती आलीय तमाशाच्या फडातून, जत्रेतल्या बैठकीतून, दौलतजादा करणाऱ्यांच्या गर्दीतून. सातारा-सांगलीकडच्या जत्रांत फड कसे रंगतात ते ज्यानं पाहिलंय त्याला ही ओळ ऐकताना नाण्यांचा आवाज येतो. सूरदासांच्या पदात दोष एकट्या नाचणाऱ्याचा होता. इथं पाहणाऱ्यांच्या माथी त्याची वाटणी झाली. नाणं फेकणारा हात नसता तर नाच इतका लांबला असता का, असा प्रश्न कवी विचारत नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात तो उभा राहतो.

तिसरा बदल सगळ्यात मोठा आहे, आणि आपल्या विषयाच्या गाभ्यात जाणारा. सूरदास स्वतः आंधळे होते असं परंपरा सांगते, तरी त्यांच्या या पदात आंधळेपणाचा उल्लेख नाही. गदिमांनी तो आणला, आणि आणला तो कारणासकट. स्वतःभोवती गिरक्या घेता घेता अंधपण आलं, असं ती नाचणारी म्हणते. लहानपणी गरगर फिरून थांबल्यावर डोळ्यांपुढं काळोख येतो हा साध्या शरीराचा अनुभव आहे. त्यावर कवीनं नीतीची केवढी मोठी इमारत उभी केली पाहा. स्वतःभोवती फिरणं म्हणजे अहंकार, हे सांगायला त्यानं अहंकार हा शब्दही वापरला नाही. मग ताल सुटतो, तोल कळेनासा होतो, हाक घशात गोठते आणि शेवटी उरते अंधारात उभी असलेली एक घाबरलेली आंधळी. सूरदासांचं पद प्रार्थनेवर थांबतं. गदिमांचं गाणं भीतीवर थांबतं. तिच्या हाकेला उत्तर आलं की नाही, ते आपल्याला सांगितलेलंच नाही.

सुधीर फडके यांनी भक्तीचं पद म्हणून ही चाल बांधली असती तरी चाललं असतं. पण आशाबाईंच्या गळ्यात ती थकलेल्या बाईचं बोलणं होते. ‘थकले’ या शब्दावरचा त्यांचा श्वास ऐका. गायिकेला अक्षरं लांबवण्याचा मोह होईल अशा जागी त्या आवाज सैल सोडतात, आणि दमणूक तिथं ऐकू येते.

‘विकत घेतला श्याम’मध्ये गदिमा मीरेकडे वळतात. मीरेच्या नावावर असलेल्या पदात ती गोविंद मोल देऊन घेतल्याचं उघडपणे, ढोल वाजवून सांगते. लोक म्हणतात महाग घेतला, लोक म्हणतात स्वस्तात मिळाला, ती म्हणते मी तराजूत तोलून घेतलाय. गदिमांच्या गाण्यात कवडीचाही खर्च झालेला नाही. किंमत म्हणून जन्मभराच्या श्वासांइतकं हरिनाम मोजून दिलं आहे. मग त्या श्यामाची ओळख सांगताना कवी वृंदावनातून महाराष्ट्रात उतरतो : हाच तुकोबांचा विठ्ठल आणि हाच रामदासांचा राम. जितके मालक तितकी नावं. आणि एवढी नावं असूनही तो दीन, अनाथ, अनाम राहतो, कारण त्याला कुणी ओळखत नाही. पुन्हा तोच धागा. समोर उभा असलेला दिसत नाही, ओळखू येत नाही.

रामदासांचं नाव इथं येतं ते आपण गाठीशी बांधून ठेवू, कारण ते लगेच उपयोगी पडणार आहे.

आता ‘तुला पाहते रे’. एवढ्या सगळ्या न पाहणाऱ्यांच्या गर्दीत ही एकटी मुलगी म्हणते, मी पाहते. तिच्या ध्रुवपदाची रचना पाहण्यासारखी आहे. दुसरा एखादा कवी असता तर आधी आंधळेपणा मांडला असता, डोळ्यांत पाणी आणलं असतं आणि मग ‘तरीही’ म्हणत प्रेमाकडे वळला असता. गदिमांनी क्रम उलटा लावला. पहिल्या ओळीत ती पाहत असल्याचं दोनदा सांगते. नंतर त्याची मूर्ती आपल्या उरात राहते म्हणते. आणि मग, सगळं ठाम सांगून झाल्यावर, जाता जाता कळतं की ती आंधळी आहे. आंधळेपणाला ‘जरी’च्या मागे एवढीशी जागा मिळाली आणि ओळ लगेच पुन्हा पाहण्यावर परतली. दया करायला ऐकणाऱ्याला उसंतच मिळत नाही.

छंद पाहा. गाण्याच्या ध्रुवपदाची ओळ अकरा अक्षरांची आहे. तीन यगण आणि शेवटी लघु-गुरू, म्हणजे भुजंगी वृत्त. यगण म्हणजे एक लघु आणि दोन गुरू. शाळेत यमाताराजभानसलगं घोकलेल्या कुणालाही ओळ मोजून पाहता येईल. हीच चाल चार यगणांनी पूर्ण केली की भुजंगप्रयात होतो, आणि भुजंगप्रयात म्हटलं की मराठी माणसाच्या कानात एकच ग्रंथ वाजतो : समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक. २०५ श्लोक, सगळे या एका चालीत. चाफळ आणि सज्जनगडाच्या मुलुखात, आणि तिथून सगळ्या महाराष्ट्रात, परवचा म्हणताना ही चाल मुलांच्या जिभेवर बसली. औंधच्या शाळेत वाढलेल्या गदिमांच्या जिभेवर ती नसती तरच नवल होतं.

त्यांनी आंधळ्या मुलीच्या प्रेमगीताला ही चाल दिली, पण शेवटचं एक अक्षर कमी करून. या एका अक्षरानं फार मोठा फरक पडतो. मनाच्या श्लोकाची ओळ दोन गुरूंवर येऊन स्थिरावते, उपदेश करून झालेल्या माणसासारखी निवांत बसते. भुजंगीत शेवटचा गुरू गळून गेल्यामुळे ओळ बसत नाही. ती पुढच्या ओळीकडे झुकते, तिला अजून काही सांगायचं असतं. समर्थांच्या श्लोकांत मनाला हाक आहे. इथं हाक आहे मनात राहणाऱ्याला. चाल जवळपास तीच राहिली, पण उपदेशाचं प्रेम झालं.

भक्तीची ही चाल तिथं शोभेसाठी नाही. उरात मूर्ती ठेवून तिला पाहणं हा आपल्याकडे मानसपूजेचा जुना रिवाज आहे. बाहेरची मूर्ती समोर नसली तरी पूजा अडत नाही, उलट मनातली पूजा वरचढ मानतात. डोळे मिटून केलेल्या ध्यानाला आपण आंधळेपण म्हणत नाही. गदिमांनी हा रिवाज उचलून एका गरीब मुलीच्या हातात दिला, आणि तिच्या बोलण्याला एकदम संतांच्या अनुभवाचं पाठबळ मिळालं. तिचं म्हणणं वेडेपणाचं वाटत नाही, कारण शतकानुशतकं लोक असंच म्हणत आलेत.

योलांथाच्या बापाला वैद्य सांगतो की तिला दृष्टी हवी असेल तर आधी आपण आंधळे आहोत हे तिला कळायला हवं. तिच्या गोष्टीचा सगळा प्रवास अज्ञानाकडून दृष्टीकडे आहे. आपल्या या नायिकेला आपण आंधळ्या आहोत हे पक्कं ठाऊक आहे आणि तिचा प्रवास तिथून सुरू होतो. गांधारीच्या तर ती थेट उलट्या टोकाला उभी आहे. गांधारीनं दिसणारे डोळे बांधून घेतले, आणि त्या पट्टीमागे पातिव्रत्य होतं की राग, यावर पंडित अजून वाद घालतात. या मुलीच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि मनात रागही नाही. तिला पाहायचंय, म्हणून ती पाहते.

एक शंका मात्र मनात येतेच, आणि रसग्रहण करणाऱ्यानं ती दडवू नये. उरात जी मूर्ती आहे ती त्या माणसाची आहे की तिनं स्वतः घडवलेली? ‘सिटी लाइट्स’मधली फुलवाली भटक्या नायकाला श्रीमंत समजत होती. तिच्या मनातली मूर्ती खोटी होती, आणि तिला डोळे आल्यावर ती मोडली. शेवटी तिनं त्याला ओळखलं ते हाताच्या स्पर्शावरून. आंतरिक दृष्टी हे डोळस माणसांनी आंधळ्यांना दिलेलं फुकटचं सांत्वन आहे, असंही आज कुणी म्हणेल. दृष्टिहीन मुलीला शिक्षण हवं, काठी हवी, रस्ता ओलांडताना थांबणारी वाहनं हवीत, उरातल्या मूर्तीनं तिचं पोट भरत नाही. हे सगळं खरं आहे, आणि १९६० सालच्या मराठी चित्रपटाकडून त्याचं उत्तर मागण्यात अर्थ नाही.

तरी गाण्याच्या बाजूनं एक गोष्ट म्हणायलाच हवी. हे सांत्वन तिला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. निवेदक बाजूला उभा राहून ‘बिचारीला आतून दिसतं हो’ असं सांगत नाही. ती स्वतः बोलते, प्रथमपुरुषात, वर्तमानकाळात आणि समोरच्याला ‘रे’ म्हणून. त्याच्याशी बरोबरीनं बोलते. अहो-जाहोचा संकोच नाही की उपकाराची भाषा नाही. चौघी परदेशी आणि बंगाली बहिणींमध्ये असा हक्कानं बोलणारा आवाज मला फक्त रजनीत थोडाफार ऐकू येतो, कारण बंकिमचंद्रांनी तिला आपली गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगू दिली. गदिमांनी हे एका ध्रुवपदात साधलं.

आशाबाईंनी हे गाणं करुण केलं नाही, हे त्यांचं मोठेपण. ‘थकले रे नंदलाला’मध्ये जो आवाज खचलेला होता तोच इथं लाजरा आणि खात्रीचा होतो. दोन्ही गाणी एका पाठोपाठ एक ऐकली की दोन आंधळ्या बाया समोर उभ्या राहतात. एकीला स्वतःभोवती फिरण्यानं अंधारी आली. दुसरीला जन्मानं वा नशिबानं काळोख मिळाला, पण तिचं लक्ष दुसऱ्याकडे आहे. पहिली अंधारात घाबरते, दुसरी त्याच अंधारात दिसतंय म्हणते. गदिमांनी आंधळेपणाचा निवाडा डोळ्यांवरून केला नाही. माणूस कुणाकडे तोंड करून उभा आहे, यावरून केला. मला या सगळ्या गाण्यांचं सार एवढंच वाटतं, आणि ते फार मोठं वाटतं.

सूरदास, मीरा, कबीर आणि रामदास हे चौघेही मध्ययुगातले. चॅप्लिनच्या गोष्टीवरून निघालेल्या एका मराठी चित्रपटात ते असे येऊन बसतात आणि त्यांच्यातला एकही उपरा वाटत नाही. मध्ययुगात घडणाऱ्या पाश्चात्त्य रम्यकथेत आंधळ्या राजकन्येला वाचवायला सरदार घोड्यावरून येतो. माणदेशच्या कवीनं आपल्या नायिकेच्या मदतीला संत पाठवले, आणि त्यांनी तिला डोळे न देता बोलणं दिलं.

चित्रपटगीत म्हणून आपण ही गाणी रेडिओवर ऐकतो, गुणगुणतो आणि सोडून देतो. कवितांच्या पुस्तकात ती छापली असती तर विद्यापीठांत त्यांच्यावर प्रबंध झाले असते. माझं मत असं की ‘जगाच्या पाठीवर’ची ही सहा गाणी मिळून एक सलग दीर्घकविता आहे, आणि गदिमांच्या कवित्वाची परीक्षा ‘गीतरामायणा’इतकीच या सहा गाण्यांवरही व्हायला हवी. वाचकांना एवढीच विनंती, की ती एका बैठकीत, याच क्रमानं ऐका, आणि प्रत्येक गाण्यात कोण पाहतंय आणि कुणाला दिसत नाही, याकडे लक्ष ठेवा.